वेड्या बाभळीच्या नोंदी

झुलालनानांचं अक्षर फार चांगलं होतं. बारीक, सरळ, काळ्या शाईचं, आणि पस्तीस वर्षांत जराही न बदललेलं. तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते सहायक होते. नोकरीला लागले तेव्हा पंचविशीत, निवृत्त झाले तेव्हा साठीत. झाडांची नावं त्यांना काही प्राध्यापकांपेक्षा जास्त ठाऊक होती, पण चारचौघांत बोलायची वेळ आली की जीभ टाळ्याला चिकटायची. म्हणून ते लिहायचे. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या, कपाटांवरच्या याद्या, फळ्यावरचे सुविचार, सगळं नानांच्या हातचं.

प्रयोगशाळेच्या मागं, नाल्याच्या अंगाला, एक लांबोळकी खोली होती. तिच्यात पाच लोखंडी कपाटं आणि कपाटांत अकराशे चाळीस शीट. जाड पांढऱ्या कागदावर वाळवून, दाबून चिकटवलेली एकेक फांदी, आणि खाली उजव्या कोपऱ्यात लेबल: वनस्पतीचं नाव, गाव, नेमकी जागा, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. प्राध्यापक त्या खोलीला हर्बेरियम म्हणत. शिपाई म्हणत, पाल्याची खोली. निवृत्तीनंतरही नाना दर मंगळवारी आणि शुक्रवारी यायचे, डांबरगोळ्या बदलायचे, कसर लागली का ते बघायचे. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी हटकतही नव्हतं.

आषाढात जळगावहून दिपमाला नावाची मुलगी आली. धुळ्याकडच्या शेतकऱ्याची लेक, पीएच.डी. करणारी, पाचव्या वर्षात अडकलेली. तिचा विषय होता वेडी बाभूळ. ही परदेशी बाभूळ खानदेशात कधी आली आणि कोणत्या वाटेनं पसरली, हे तिला शोधायचं होतं. जुन्या नोंदी कुठंच सापडत नव्हत्या. शेवटी कुणीतरी तिला या खोलीबद्दल सांगितलं, आणि इथं दुसऱ्या कपाटाच्या तिसऱ्या फळीवर तिला वेड्या बाभळीची एकाहत्तर शीट मिळाली. वेगवेगळ्या गावांची, वेगवेगळ्या सालांची. त्या दिवशी ती जेवलीच नाही. एकेक शीट कॅमेऱ्याखाली ठेवायची, फोटो काढायचा, लेबल लॅपटॉपमध्ये उतरवायचं, असं संध्याकाळपर्यंत चालू होतं.

नानांची लेबलं इतक्या मन लावून आजवर कुणी वाचली नव्हती. ती वाचता वाचता म्हणायची, नाना, छापल्यासारखं अक्षर आहे हो. नाना मान खाली घालून डांबरगोळ्या मोजत बसायचे. बसने घरी जाताना मात्र ते वाक्य मनात पुन्हा पुन्हा म्हणून बघायचे.

महिनाभरानं तिनं आणखी एक बातमी आणली. विद्यापीठ ही सगळी कपाटं घ्यायला तयार झालं होतं. तिथं थंड खोली होती, कसर लागायची नाही, जगभरातले लोक संगणकावर शीट बघू शकणार होते. फक्त तिच्या मार्गदर्शकांनी संग्रह विश्वासार्ह आहे असं लिहून द्यायचं बाकी होतं. ते झालं नाही, तर कॉलेज दिवाळीच्या आत खोली रिकामी करणार, कारण तिथं संगणकांचा वर्ग व्हायचा होता. विभागप्रमुख जितेंद्र सरांनी तसं तोंडावर सांगितलं होतं. नानांना त्या दोन्ही गोष्टी कळल्या, पण मनात राहिली ती पहिली. त्या दिवसापासून त्यांना रात्री चांगली झोप लागू लागली, आणि आपण मेल्यावर या कपाटांचं काय होईल हा विचार सुटला.

श्रावणातल्या एका मंगळवारी दिपमालानं त्यांना शेजारी खुर्चीवर बसवलं. तिचा नकाशा पुरा झाला होता.

"बघा हं नाना. हे नव्वद साल."

पडद्यावर खानदेशचा नकाशा आणि कॉलेजच्या जागी एकच तांबडा ठिपका. तिनं बटण दाबलं. एक्याण्णवला यावलजवळ एक ठिपका उमटला, पळासगव्हाणला एक. ब्याण्णवला चोपड्याकडे दोन. त्र्याण्णवला पारोळ्याच्या बाजूला तीन. मग भराभर वाढत गेले, दोन हजार चारपर्यंत.

"मला आधी वाटायचं, हे नाल्या-नद्यांनी पसरलं असेल. पण ठिपके पाण्याच्या वाटेवर नाहीतच. सगळे रस्त्यावर आहेत, तेही एस.टी.च्या. बाजाराला जाणाऱ्या शेळ्या शेंगा खातात, गाडीतून उतरतात, लेंड्या टाकतात." ती हसली. "झाड एस.टी.नं गेलंय, नाना. माझा चौथा चॅप्टर सगळा यावरच आहे."

नाना पडद्याकडे बघत राहिले. ठिपक्यांच्या ओळी कॉलेजातून निघून एस.टी.च्या मार्गांनी फाकल्या होत्या. त्या वाटांवर कोण जायचं ते त्यांना ठाऊक होतं. होस्टेलवरची मुलं. शनिवारी दुपारी पिशवी घेऊन घरी जाणारी आणि सोमवारी भाकरी-चटणी घेऊन परत येणारी.

"नाना, बरं वाटत नाही का?"

त्यांनी डोळ्यांवर झापड आल्याचं सांगितलं आणि ते त्या दिवशी लवकर घरी गेले.

घडलं होतं ते असं. एक्याण्णवच्या फेब्रुवारीत प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचे एक परीक्षक आले होते. प्रत्येक विद्यार्थ्यानं पन्नास वनस्पतींची शीट द्यायची, असा नियम. कामिनी नावाची एक मुलगी होती, यावलकडची. कापूस वेचणीच्या दिवसांत ती दर रविवारी घरच्या शेतात राबायची, मग झाडं गोळा करायला कुठली जाणार. तिनं पन्नासच्या पन्नास कॉलेजच्या आवारातून तोडली आणि लेबलावर प्रामाणिकपणे तसं लिहिलं. परीक्षकांनी चार शीट उलटली, फाईल टेबलावर आपटली आणि विचारलं, तुमच्या गावात काय झाडं उगवत नाहीत? मुलगी ओढणी तोंडाला लावून उभी राहिली. कोपऱ्यात नाना काचेची भांडी धूत होते. त्यांना बोलायचं होतं. ते भांडी धूत राहिले.

पुढच्या वर्षी ते बोलले नाहीतच, त्यांनी लिहिलं. फेब्रुवारीत सगळी झाडं पानं गाळून उभी असतात, पण मागच्या नाल्याकाठी वेड्या बाभळीचं एक झाड होतं, ते बारमाही हिरवं आणि वरून तुऱ्यांनी लगडलेलं. ज्याची शीट कमी पडतील त्याला नाना तिथली फांदी तोडून द्यायचे, दोन वर्तमानपत्रांत घालून दाबायचे, चिकटवायचे, आणि लेबलावर गाव लिहायचे ते त्या पोराचं. यावल, कालव्याकाठी. चोपडा, बसथांब्यामागे. तारखा दिवाळीच्या सुटीतल्या. पोरं खूश, परीक्षक खूश. नानांना स्वतःला कोपऱ्यात उभं राहून भांडी धुवायची पाळी पुन्हा आली नाही. त्यात लबाडी आहे हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण ज्या गावाला बाभूळ नाही असं गाव कुठं असतं, एवढ्यावर ते मनाची समजूत घालत.

इथवर ठीक होतं. तालुक्याच्या कॉलेजात असं चालतं आणि परीक्षा झाली की रद्दीत जातं. पण परीक्षेनंतर मुलं शीट तिथंच टाकून जायची, आणि नीट वाळलेली, नीट चिकटवलेली वनस्पती केरात टाकणं नानांच्यानं होईना. पान दुमडलेलं नाही, तुरा गळलेला नाही, अक्षर स्वच्छ. ते एकेक शीट उचलायचे, धूळ फुंकायचे, क्रमांक घालायचे आणि कपाटात योग्य जागी ठेवायचे. त्याच कपाटात त्यांची स्वतःची खरी शीटही होती. आवडीनं वणवण करून गोळा केलेली.

शुक्रवारी ते आधी जितेंद्र सरांकडे गेले. सर त्यांचेच विद्यार्थी. नानांनी उभ्या उभ्या, टेबलाची कड धरून, सगळं सांगितलं. सर आधी मोठ्यानं हसले. यावलची सर्वांत जुनी नोंद त्यांच्याच नावावर होती. कालव्याकाठी, १९९१, संग्राहक जितेंद्र.

"नाना, आयुष्यात एक शोध लागला होता माझ्या नावावर. तोही तुम्ही काढून घेता?"

मग त्यांनी दार लोटलं आणि आवाज खाली आणला. आज त्या प्रत्येक गावात ती बाभूळ आहे की नाही? आहे. मग खोटं काय? चार वर्षं पुढंमागं. पोरीला डिग्री मिळेल, कपाटं विद्यापीठात जातील, तुमचं नाव राहील. तुम्ही तोंड उघडलंत तर विद्यापीठ या पाल्याला हातसुद्धा लावणार नाही, मग मला खोली रिकामी करावी लागेल.

"तेव्हा मला दोष देऊ नका," सर म्हणाले. "मी भंगारवाल्याला बोलावेन, आणि तुम्ही घरी बसून रडाल."

नाना बाहेर आले आणि व्हरांड्याच्या पायरीवर बसले. सरांचं म्हणणं त्यांना पटत होतं, हीच अडचण होती. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि त्या कामात तर त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. समोर नाला होता. ते जुनं झाड पार्किंगसाठी कधीच तोडलं होतं, पण त्याची पिलावळ दोन्ही काठांनी दाटलेली होती, इतकी की पाणी दिसत नव्हतं. नाना बराच वेळ तिकडं बघत राहिले. दिपमाला पुस्तक लिहिणार. त्या पुस्तकावरून आणखी कुणी लिहिणार. कुठंतरी एखादा अधिकारी एस.टी.च्या रस्त्याकडेला बाभळी उपटायचा हुकूम काढणार. आणि या सगळ्याच्या तळाशी एका भित्र्या माणसाचं चांगलं अक्षर.

ते खोलीत गेले तेव्हा दिपमाला डबा खात होती. तिनं अर्धी भाकरी झाकणात काढून त्यांच्यापुढं सरकवली.

"दिपमाला, ते ठिपके मी लावलेत," नाना म्हणाले.

तिला काही कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. कामिनीपासून सांगितलं, नाल्यापर्यंत आणलं. मध्ये दोनदा थांबले. सांगून झाल्यावर ती रडेल किंवा ओरडेल असं त्यांना वाटलं होतं. तिनं डबा बंद केला, हात पुसले आणि विचारलं, एकाहत्तरांपैकी किती?

"त्रेसष्ट तरी असतील. आठ खरे असावेत. पण कोणते आठ, ते आता मला सांगता यायचं नाही."

"पाच वर्षं, नाना," ती म्हणाली. उठून खिडकीशी गेली, तिथं पाठमोरी उभी राहिली. भाकरी झाकणात तशीच राहिली.

मग ती वळली. तिनं आपल्या कामाबद्दल चकार शब्द काढला नाही. तिनं विचारलं ते बाकीच्या कपाटांबद्दल. बाभूळ सोडून उरलेली हजारावर शीट, ती खरी आहेत ना? नाना म्हणाले, त्यातली मुलांची सोडून दे. पण पळासगव्हाणच्या गायरानातली दोनशे चौदा शीट माझी आहेत. ती देवाशपथ खरी आहेत.

पळासगव्हाण हे नानांचं गाव. सत्याऐंशी ते त्र्याण्णव, दर रविवारी ते सायकलवर जायचे. गायरानात गुडघाभर गवत असायचं, पवन्या, मारवेल, कुसळी, आणि गवताच्या बुडाशी बारीकसारीक असंख्य वनस्पती. त्यातली एक नानांची फार लाडकी होती. तिला गावात चांदणकांदा म्हणत. कांद्यासारखी दोन-तीन पाती, वीतभर दांडा, नखाएवढी पांढरी फुलं. सायंकाळी उमलायची आणि मंद वास यायचा. एका प्राध्यापकांनी तेव्हा सांगितलं होतं, ही जात या दोन जिल्ह्यांत दुसरीकडं कुणाला मिळालेली नाही. ते प्राध्यापक आता हयात नव्हते.

दिपमालानं ते शीट काढलं. तपकिरी कागदासारखी फुलं, दोन कंद, खाली लेबल. पळासगव्हाण, गायरान, ४ सप्टेंबर १९८८. तिनं बाभळीचं एक शीट त्याच्या शेजारी ठेवलं. शाई तीच, अक्षर तेच, जागा लिहायची पद्धत तीच.

"नोंदवही आहे का? रानातली?"

होती. मागं एकदा तपासणीसाठी कमिटी यायची होती, तेव्हा जुनी रजिस्टरं रद्दीत गेली, त्यांच्यात ती गेली.

"मग एक तरी गोष्ट ताडून बघता आली पाहिजे, नाना. चांदणकांदा तिथं आज एकसुद्धा जिवंत मिळाला, तर मी माझ्या मार्गदर्शकांना सांगेन की गायरानाची शीट वेगळी काढा, ती खरी आहेत. एक पुरे."

रविवारी ते दोघं फाट्यावर उतरून पळासगव्हाणला चालत गेले. नानांची थोरली बहीण भिकुबाई तिथंच दिली होती. पंचाहत्तरी ओलांडलेली बाई दारात काठी टेकून उभी होती. भावाला तिनं वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"सुकीसन काडी झाया रे तू. आनि ही कोन, नवी मास्तरीन?"

नानांनी कशाला आलो ते सांगितलं. तिनं तोंड वाकडं केलं. "आठे काय दखाले उना? तठे आते बठ्ठा काटाच शेतस." तिथं आता सगळे काटेच, बघायला काय आलास, असं म्हणत असली तरी खुरपं घेऊन ती पुढं निघाली, कारण हे दोघं एकटे गेले तर वाट सापडणार नाही असं तिचं म्हणणं होतं.

ते खरंच होतं. गायरान राहिलं नव्हतं. गाव संपलं तिथं वेड्या बाभळीची भिंतच उभी होती, माणसाच्या दुप्पट उंच. शेळ्यांनी पाडलेल्या बोळातून वाकून आत शिरावं लागलं. आत उजेड हिरवट, आणि जमीन उघडी. पाऊस चांगला झालेला, बाहेर बांधावर गवत कमरेला लागत होतं, पण इथं गवताची काडी नव्हती. वाळलेल्या पानांचा थर, लेंड्या, काटे. नानांना वाटलं होतं बदललं असेल, थोडं उरलं असेल. हे असं असेल असं वाटलं नव्हतं. एकदा उन्हाळ्यात भाच्याच्या लग्नाला ते आले होते, पण तेव्हा मांडवातून इकडं यायला जमलं नव्हतं. खरं तर जमवलं नव्हतं.

तीन तास त्यांनी शोधलं. दिपमालाची ओढणी फाटली, नानांच्या चपलेतून काटा आरपार गेला. भिकुबाई काठीनं पाला सारत मागून येत होती आणि बोलत होती. बाभूळ कुणी आणली ते कुणालाच ठाऊक नाही. एका पावसाळ्यात दोन-चार रोपं होती, कुंपणाला बरी म्हणून लोकांनी ठेवली. मग शेंगा शेळ्यांनी खाल्ल्या. मग गुरं दुसरीकडं न्यावी लागली, मग गुरंच विकली.

चांदणकांद्याचं नाव काढताच तिचा चेहरा उजळला.

"व्हता ना. ढोरे चाराले जाऊत तव्हय आम्ही खोदीसन खाऊत. जीभ अशी खाजे का दिवसभर बोलता ये नही. हा झुलाल तर तीन दिन मुका व्हता." ती हसली, मग दिपमालाच्या हातातल्या वहीकडे बोट दाखवून म्हणाली, "पोरी, लिखी ले. मी दखेल शे."

दिपमालानं लिहिलं, भिकुबाईनं स्वतः पाहिलेला आहे. लिहून झाल्यावर ती त्या ओळीकडे बघत राहिली. साठ वर्षांपूर्वीची आठवण, त्याच माणसाच्या बहिणीची. एवढा पुरावा चालणार नव्हता. तिनं वही मिटली.

एका खळग्यात नानांना दोन पाती दिसली. कांद्यासारखी, हिरवी, जाड. ते गुडघ्यांवर बसले. खुरपं दिपमालानं घेतलं. तिनं हळूहळू माती मोकळी केली, कंद वर काढला, पाण्यानं धुतला. नानांनी हातात घेतला आणि कुणी विचारायच्या आतच मान हलवली. कोळकांदा होता. तो कुठंही येतो. शेळ्या तोंड लावत नाहीत म्हणून उरला होता.

परतताना पडकी विहीर लागली. तिच्या कठड्याला चिकटून एक बाभूळ होती, बुंधा माणसाच्या कमरेएवढा. सबंध गायरानात एवढं जुनं झाड दुसरं दिसलं नव्हतं. दिपमाला थांबली. सवयीनं तिनं मोबाईलवर जागेची नोंद घेतली, कात्रीनं फुलोऱ्याची एक फांदी तोडली, वर्तमानपत्रात ठेवली आणि लिहिता लिहिता नेहमीसारखं मोठ्यानं म्हणाली, "वेडी बाभूळ. पळासगव्हाण, गायरान, पडक्या विहिरीजवळ."

नाना जागीच उभे राहिले. ही ओळ त्यांनी लिहिलेली होती. एक्याण्णवची तारीख घालून, भिकुबाईचा मुलगा दीपक कॉलेजात होता तेव्हा. त्याची शीट कमी पडत होती. मामानं नाल्यावरची फांदी तोडली आणि गावची आठवेल ती जागा लिहिली. तेव्हा या विहिरीजवळ बाभूळ नव्हती. विहिरीत पाणी होतं, आणि कठड्याच्या सावलीत चांदणकांदा यायचा. दीपकनं परीक्षेसाठी फांद्या वर्तमानपत्रात बांधून घरी आणल्या होत्या का, त्यांना शेंगा होत्या का, त्या शेळीनं खाल्ल्या का, हे नानांना आठवेना. विचारावं म्हटलं तर दीपक सुरतेला. विचारूनही काय.

"काय झालं, नाना?"

"काही नाही," नाना म्हणाले. "नीट लिही. तारीख घाल."

दिपमालानं वाईट वागणूक दिली नाही, हे सांगितलं पाहिजे. तिनं मार्गदर्शकांना सगळं कळवलं आणि नानांबद्दल एकही वावगा शब्द लिहिला नाही. त्यांनी उत्तर दिलं ते चार ओळींचं होतं. त्यात चुकीचं काही नव्हतं. एका हातानं खरी आणि खोटी लेबलं लिहिली असतील आणि ती वेगळी करता येत नसतील, तर संपूर्ण संग्रह वापरू नये. चौथा चॅप्टर गळाला. दिपमालाला मुदतवाढ मिळाली नाही. गणपतीनंतर ती आपलं सामान न्यायला आली, तेव्हा घरचे लग्नाचं बघतायत असं म्हणाली. जाताना वाकून नानांच्या पाया पडली. ते त्यांना फार लागलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

जितेंद्र सरांनी शब्द पाळला. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी कपाटं व्हरांड्यात आली. लोखंडाला गिऱ्हाईक होतं, पाल्याला नव्हतं. शीटचे गठ्ठे भिंतीशी रचले होते आणि वाऱ्यानं वरचे कागद फडफडत होते. सर जवळ आले, आणि खरोखर ओशाळून म्हणाले, "नाना, तुम्हाला हवं ते न्या."

हवं ते म्हणजे सगळंच होतं. घरी दोन खोल्या, त्यात मुलगा नवीन, त्याची बायको, नातवंडं. फोनवर नवीननं विचारलं होतं, आबा, किती गठ्ठे आणताय, आधी सांगा. नाना म्हणाले होते, एकच आणतो. त्यांनी दोनशे चौदा शीटांचे गठ्ठे उलटे-पालटे केले. पवन्या बाजूला ठेवला, मारवेल बाजूला ठेवली. शेवटी चांदणकांद्याचं शीट काढलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि छातीशी धरून बसमध्ये बसले. उरलेलं दुपारी एका हातगाडीवरून गेलं. कुठं, ते त्यांनी विचारलं नाही.

दसऱ्याच्या आधी एका सकाळी घरात कुणी नव्हतं. नानांनी शीट खिडकीशी टेबलावर ठेवलं. फुलं अजून चांगली होती, एकही पाकळी सुटली नव्हती. ही वनस्पती होती. त्यांनी ती बघितली होती, हातानं खोदली होती, आणि आता ती कुठं होती याचा एवढाच कागद उरला होता. पुढं कधी कुणी तो उघडला तर त्याला कळावं, एवढंच त्यांना हवं होतं. त्यांनी पेन काढलं, शाई भरली, निब पुसलं. लेबलाखाली बोटभर जागा होती. तिथं त्यांनी सावकाश लिहिलं, स्वतः पाहिले, खरे आहे.

शाई वाळेपर्यंत ते बसून राहिले. मग चष्मा लावून वाचलं. अक्षर बारीक होतं, सरळ होतं, पस्तीस वर्षं होतं तसंच. यावलच्या कालव्याकाठचं, चोपड्याच्या बसथांब्यामागचं, विहिरीजवळचं, सगळं याच अक्षरात लिहिलेलं होतं. त्यांनी शीट वर्तमानपत्रात घातलं, कपाटावर ठेवलं, आणि हात धुवायला उठले. शाई लागलेली नव्हती, तरी बराच वेळ धूत राहिले.